कवडूजींची मीटरभर मरळ

कवडूजी परात्यांनी पकडलेला एकही मासा कधी वाढवून सांगितला नाही. उलट कमी करून सांगितला. मासा हाती आला की ते त्याला ओल्या पोत्यावर आडवा निजवत, पिशवीतून लोखंडी मीटर काढत आणि तोंडापासून शेपटीपर्यंत माप घेत. मीटर दुकानातला, कापड मोजायचा, टोकं झिजून गुळगुळीत झालेला. एवढ्यावर थांबले असते तर ते नुसते प्रामाणिक ठरले असते. पण माप झालं की ते त्यातून चार बोटं वजा करत आणि उरलेलं माप जाहीर करत. ही चार बोटं कशाची, असं मी पहिल्या खेपेला विचारलं.

"आटन्याची," ते म्हणाले. "कापड धुतल्यावर आटते अन् मासोळी सांगतल्यावर वाढते. वाढन्याच्या आधीच आपन कापून टाकावं."

चाळीस वर्षं ते नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात गादीवर बसून थान उलगडत होते. मालक ते कधीच नव्हते, पण दुकानात येणाऱ्या बाया मालकाकडे न बघता थेट त्यांच्यासमोर येऊन बसत. बुटके, गोल, डोक्यावर मोजून दहा केस आणि ते दहाही तेल लावून बसवलेले. आवाज मात्र असा की गल्लीतल्या हातगाड्यांच्या वरून ऐकू यावा. हाच आवाज तलावावर गेला की इतका खाली येई, की मला त्यांच्या ओठांकडे बघून शब्द लावावे लागत.

मी सांगलीची. नऊ वर्षांपूर्वी नागपुरात ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले आणि त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. राहायला आल्याच्या दुसऱ्याच सकाळी गच्चीवर वाळत घातलेली माझी ओढणी उडाली आणि हवेत ताठ होऊन थांबली. पलीकडच्या कोपऱ्यात हे गृहस्थ बनियनवर उभे, हातात रीळ लावलेली काठी. गच्चीच्या या टोकाला घमेलं ठेवून त्यात रबरी बेडूक टाकायचा त्यांचा सराव चालला होता. बेडकाच्या पोटाखालचे दोन्ही काटे माझ्या ओढणीत रुतले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी ओढणी सोडवली, फाटलेली जागा बोटांनी मोजली आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला.

"अडीच मीटर. कॉटन. लागली, पण लढली नाही."

संध्याकाळी दुकानातून त्याच रंगाची नवी ओढणी आली. सोबत सिंधूकाकूंनी पाठवलेला रोहूचा सावजी रस्सा होता. काकू म्हणजे कवडूजींच्या पत्नी. त्या रश्शाने माझ्या डोळ्यांतून, नाकातून, कानांतून पाणी काढलं आणि तरी मी भांडं पुसून खाल्लं. "हा मासा कुठून आणता?" एवढंच मी विचारलं होतं. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला खालून हाक आली, "ताई, गाडी काढा."

गाडी म्हणजे माझी स्कूटी. ती मी चालवायची आणि कवडूजींनी मागे दोन काठ्या भाल्यासारख्या उभ्या धरून बसायचं. शहरातून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक सिग्नलवर लोक बघत. दुकानात बायांना ताई म्हणायची सवय त्यांना इतकी भिनलेली, की रस्त्यावरच्या भिकाऱ्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना ते आदराने बोलत. मौद्याच्या अलीकडे एका गावाला लागून जुना मालगुजारी तलाव आहे. गावच्या मासेमार सोसायटीकडे त्याचा ठेका. कवडूजी दर पावसाळ्याच्या तोंडी सोसायटीत जाऊन रविवारचा पास काढत आणि तो प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवत. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चिंचेची झाडं, पाण्यात शिंगाड्याचे वेल, आणि आभाळ स्वच्छ असलं तर लांबवर वीज केंद्राच्या चिमण्या. मुलांना माशांची लॅटिन नावं पाठ करून घेणाऱ्या मला तोवर मासा माहीत होता तो फॉर्मॅलिनच्या बरणीतला. जिवंत मासा हात सोडून पळतो, ही माहिती कुठल्याच पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरांत दिलेली नाही.

शिकवायची त्यांची पद्धत दुकानातलीच. मी गळ टाकला की लगेच ओढून बघायची. ते म्हणत, "गिऱ्हाइकाले अन् मासोळीले ओढाचं नाही. थान समोर टाकाचं अन् दुसरीकडं पाहाचं. घेनार असंन त तेच हात लावते." तासभर काही लागलं नाही आणि मी चुळबुळ केली, तर म्हणत, "घाई असंन त बाजारातून रेडिमेड घ्या." एकदा मला मासा लागून सुटला. मी हळहळत बसले, तर म्हणाले, "काहून रडता? कापड पाहून परत जाते ते गिऱ्हाईक वापस येते. ज्यानं पाहिलंच नाही ते येत नाही."

आमचा तिसरा गडी ठवकर गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, मोटारसायकलवर येणारे, आणि माप या गोष्टीचा मनापासून तिटकारा असलेले. सकाळी वीतभर असलेली त्यांची मासोळी चहाच्या टपरीपर्यंत हातभर होई आणि नागपूर येईस्तोवर डिकीत मावत नसे. मला त्यांनी पहिल्याच महिन्यात 'चिलापीबाई' हे नाव ठेवलं, कारण माझ्या गळाला तळहाताएवढ्या चिलापीखेरीज काही लागत नसे. चिलापी ही तलावातली सगळ्यांत आगाऊ मासोळी. तिला पकडायला अक्कल लागत नाही, असं गुरुजींचं मत. मी हसून सोडून देत असे, पण आत कुठेतरी ते नाव टोचायचं. पस्तिशी उलटलेल्या बाईला असं काही टोचू नये, हे कळत होतं.

कवडूजींना स्वतःला मात्र एकच मासोळी हवी होती. मीटरभर लांबीची मरळ. तरुणपणी याच पाळीवरून त्यांनी तशी एक बघितली होती. शिंगाड्याच्या वेलाखालून ती बाहेर आली, कुशीवर वळली आणि गेली. तेव्हापासून त्यांनी शेकड्यांनी मासे पकडले, बरेचसे परत सोडले, पण मीटर काही भरला नव्हता. अट त्यांचीच होती आणि ती कडक होती. "आपला मीटर तिच्या बाजूले ठेवाचा," ते सांगत, "अन् चार बोटं आटवून भी मीटर पुरा झाला पाहिजे." काकू यावर म्हणत, "ते मासोळी माही सवत आहे वं. सहा दिवस दुकान, सातवा दिवस तिचा. मी आपली रस्स्यापुरती." पण रविवारी पहाटे चार वाजता उठून भाकरी आणि जवसाची चटणी बांधून देणाऱ्या त्याच होत्या.

तिसऱ्या पावसाळ्यात ती दिसली. आषाढ सरत आला होता. पाणी सोडायच्या तुडुमाजवळ, वेलांच्या मोकळ्या फटीत, एक काळी पाठ वर येऊन हवा घेऊन गेली. मरळीला श्वासासाठी वर यावंच लागतं, हे मी वर्गात शिकवते. कवडूजींनी माझं मनगट धरलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही.

"हेच," ते म्हणाले. "मीटर भरते."

त्या दिवशी त्यांनी गळ टाकला नाही. कारण दुसऱ्या खेपेला ती वर आली तेव्हा तिच्यासोबत पाण्यावर एक लाल डाग आला. थाळीएवढा, थरथरणारा, कुंकू सांडावं तसा. ती तिची पिल्लं होती, हजारभर तरी असतील. मरळीची पिल्लं घोळका करून राहतात, श्वासाला एकदम वर येतात, आणि आई-बाप खाली पहारा देतात; इथे बाप कधी दिसला नाही. त्या घोळक्याजवळ काहीही हललं तरी मरळ चवताळून तोंड घालते. भूक असो नसो. म्हणून तेव्हा तिला पकडणं जगात सगळ्यांत सोपं. आणि म्हणूनच कवडूजींचा नियम होता, जो त्यांनी मला पहिल्या रविवारीच सांगितला होता.

"लेकुरवाळीवर गरी टाकाची नाही." गळाला ते गरी म्हणत. "ते खाले नाही येत, भांडाले येते. भांडनाऱ्या आईले धोका देऊन पकडलं त त्यात आपली काय हुशारी? पिल्लं सुटू द्या. मंग तिची न् माही बरोबरीची कुस्ती."

पिल्लं सुटायला महिना-सव्वा महिना लागतो. तेवढे रविवार आम्ही तुडुमापासून लांब बसून रोहूची वाट बघितली आणि खरं तर तिच्याकडेच बघितलं. लाल डाग दर आठवड्याला थोडा मोठा होई. कवडूजी एखाद्या लग्नघरच्या माणसासारखे खुशीत होते. दुकानात म्हणे ते गिऱ्हाइकांना मोजून चार बोटं जास्तच कापड देऊ लागले आणि मालकाने दोनदा हटकलं.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी ठवकर गुरुजी भाच्याच्या साखरपुड्यासाठी काटोलला गेले होते. आम्ही दोघंच होतो. नऊच्या सुमारास कवडूजी उठले, "चहा आनतो," म्हणाले आणि पाळीवरून टपरीकडे निघाले. एरवी चहा मी आणायची. मी ते मनावर घेतलं नाही.

ते नजरेआड झाले आणि लाल डाग वर आला, माझ्यापासून वीस पावलांवर. माझ्या काठीला रबरी बेडूक बांधलेला होता. यापुढचं जे काही आहे त्याला माझ्याकडे सबब नाही. मी स्वतःशी म्हणाले, पिल्लांवर नाही टाकत, चांगला दोन हात पलीकडे टाकते, सरावासाठी. चिलापीबाई हे नाव त्या क्षणी डोक्यात होतं हेही खरं. बेडूक पडला पलीकडेच. पण टाकलेला बेडूक परत ओढावा लागतो, आणि परतीची वाट त्या घोळक्यावरूनच होती, हे मला टाकायच्या आधी ठाऊक होतं.

पाणी फुटलं. हातातली काठी पुढे ओढली गेली आणि तिच्यामागे मी गुडघाभर पाण्यात. रिळाचा दोरा सरसर सुटत होता, हाताला चटका बसला, मी ओरडत होते की नाही हे आजही सांगता येणार नाही. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी ती दमली आणि कडेला आली, आणि तिचं डोकं बघून मी घाबरले. तेवढ्यात पाळीवर कवडूजी दिसले, दोन्ही हातांत चहाचे दोन पेले. त्यांनी मला बघितलं, तिला बघितलं, मग तिच्या पलीकडच्या पाण्याकडे बघितलं. पेले त्यांनी शांतपणे जमिनीवर ठेवले आणि चपला न काढता सरळ पाण्यात उतरले.

पलीकडे लाल डाग फुटला होता. राखण गेल्याचं चिलाप्यांना कळलं होतं. पाण्यात चारी बाजूंनी टपाटप आवाज होत होते आणि प्रत्येक आवाजाला तो डाग थोडा कमी होत होता.

कवडूजींनी मरळीला दोन्ही हातांवर उचललं. पकडीने काटा अलगद काढला. तिचं डोकं त्यांच्या एका कोपरापाशी होतं आणि शेपटी दुसऱ्या हाताच्या बाहेर खाली लोंबत होती. मीटर काठावर पिशवीत होता. मी म्हणाले, "काका, मीटर आणते. दोन सेकंदांचं काम."

"मीटर राहू द्या," ते म्हणाले. "तिचं घर लुटून राहिले तिकडं."

आणि ते चालायला लागले. कमरेभर, मग छातीभर पाण्यात, तिला उराशी धरून, थेट त्या घोळक्याकडे. पोहता येत नाही हे त्यांनीच मला कधी तरी सांगितलं होतं. पाणी खांद्याला लागलं तसे थांबले, वाकले आणि हात उघडले.

एक क्षण काहीच झालं नाही. मग पाण्याखालून असा काही धक्का आला की कवडूजी मागे कोलमडले आणि दोन चिलाप्या हवेत उडाल्या. पुन्हा एक धक्का, डावीकडे. पुन्हा एक. टपाटप बंद झाली. बऱ्याच वेळाने पाण्यावर एक लहानसा लाल ठिपका आला, त्याला दुसरा येऊन मिळाला, आणि बघता बघता डाग जमला. पहिल्यापेक्षा लहान, पण जमला. कवडूजी खांद्याभर पाण्यात उभे राहून हसायला लागले. टाळ्या वाजवून पाणी उडवत हसत होते. मी काठावर बसून रडत होते, आणि मग मीही हसू लागले, कारण इतका आनंदलेला माणूस मी आधी बघितला नव्हता.

ते बाहेर आले. मी रागवून घ्यायची तयारी केली होती. त्यांनी गार झालेला चहा माझ्या हातात दिला, स्वतःचा घेतला आणि शेजारी बसले.

"हात शिवशिवला ना?"

मी मान हलवली.

"माहा भी शिवशिवत होता. डाग वर येऊन राहिला हे मी पाहिलं होतं. म्हनूनच त चहा आनाले गेल्तो." घोटभर चहा पिऊन ते पुढे म्हणाले, "चूक माहीच आहे. तुमाले सोबत न्याले पाहिजे होतं."

थोड्या वेळाने म्हणाले, "हे ठवकरले सांगू नका. तो तिची मगर करून टाकीन."

पिल्लं सुटली, दसरा झाला, आणि कवडूजींनी रीतसर कुस्ती मांडली. त्यांना ती मनापासून हवी होती. यात त्यागबिग काही नव्हता. त्या रविवारी आणि पुढच्या कित्येक रविवारी त्यांनी बेडूक टाकला, पत्र्याचा चकाकता चमचा टाकला, दुसऱ्या रंगाचा बेडूक टाकला. ती जवळ यायची, बघायची आणि वळून जायची. "शिकली ते," कवडूजी म्हणत. "शिकवनारी मास्तरीन बी भेटली तिले." मला चिडवायला त्यांना हे वाक्य वर्षानुवर्षं पुरलं. दोन पावसाळ्यांनंतर ती दिसेनाशी झाली. मीटर काही भरला नाही. रविवार मात्र एकही चुकला नाही, दुकान सुटल्यावरसुद्धा. मी मरळ पकडायला शिकले, खरीखुरी, आणि ठवकर गुरुजींनी नाइलाजाने माझं नाव बदललं.

गेल्या हिवाळ्यात कवडूजी गेले. दुपारी जेवले, जरा पडतो म्हणाले, आणि उठले नाहीत. त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. कुणाला ओढलं नाही, घाई केली नाही.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं. दुकानचे लोक, सोसायटीचे दोघं, गल्लीतले शेजारी. त्यांची मुलगी वैशाली स्वयंपाकघरात चहा टाकत होती. बैठकीत गोष्टी निघाल्या, चार बोटांची गोष्ट निघाली, लोक हसले. मग ठवकर गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "जिंदगीभर मीटर मीटर करत रायला. एवढी एकच इच्छा होती गड्याची. भेटली नाही."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मले त्याचंच वाईट वाटते गा," त्या म्हणाल्या. "दुसरं काही कमी पडलं नाही त्यायले. देवानं काहून नसंन देली एक? कोनाचं काय जात होतं?"

त्या हे बोलल्या तेव्हा मला कळलं, की कवडूजींनी घरीही सांगितलं नव्हतं. मी समजत होते, ठवकरांपासून लपवायचं ते मरळीसाठी. ते माझ्यासाठी होतं. मरळ हाती आली होती हे सांगितलं असतं, तर ती कशी आली हेही सांगावं लागलं असतं. भरल्या घरात, सोसायटीच्या माणसांसमोर, मला माझाच आवाज ऐकू आला.

"भेटली होती, काकू."

मी सगळं सांगितलं. लेकुरवाळीवर गळ मी टाकला, हे आधी सांगितलं. सोसायटीच्या एकाने माझ्याकडे बघून मान खाली घातली, ते बरोबरच होतं. मग चहाचे पेले, पाणी, चिलाप्या. ठवकर गुरुजींनी विचारलं, "केवढी होती?"

"मापली नाही," मी म्हणाले.

काकूंनी मात्र माप विचारलं नाही. त्या पुढे सरकून बसल्या.

"त्यायनं हातात घेतली होती?"

"दोन्ही हातांत. उराशी धरून नेली खोल पाण्यात."

"अन् हासले?"

"खूप हसले, काकू. टाळ्या वाजवून."

तेरा दिवसांत पहिल्यांदाच काकूंचा चेहरा उजळला, आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली.

"वैशाली, चहा राहू दे वं, इकडं ये. तुया बाबाले भेटली होती."